डिझायरला चार टायर घ्यायचेत, कोल्हापुरात योग्य भावात कुठं मिळतील?

बालिंगा_पूल:

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची डिझायर, पेट्रोल, १ लाख २ हजार किमी झालेत. टायरचा साइज १६५/८० आर १४. रोजचा रस्ता फुलेवाडी, बालिंगा, कळे आणि पुढं साळवणच्या अलीकडं शाळेपर्यंत. जाऊन-येऊन ७० किमी. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना जास्त सांगायला नको. पावसाळाभर पाणी, पाऊस सरला की उसाच्या ट्रॉल्या, आणि ट्रॉलीतनं पडलेला ऊस आपल्या चाकाखाली.

गेल्या मंगळवारी कळ्यात चहाला थांबलो. टपरीशेजारी पंक्चरचं दुकान आहे. तिथला पोरगा हातातली ट्यूब पाण्यात तशीच धरून माझ्या गाडीकडं बघत बसला होता. म्हणाला, "मॅडम, फुगा आलाय." डाव्या पुढच्या टायरला बाहेरच्या अंगानं, लिंबाएवढा. मी रोज त्याच बाजूनं गाडीत दप्तर ठेवतो, पण दिसला नव्हता. त्यानं उकिडवं बसून टायरवरची वाळलेली माती अंगठ्यानं पुसली, मान वाकडी करून काहीतरी वाचलं आणि विचारलं, "टायर कधी घेतलासा?"

"डिसेंबर २०२१."

"मग ह्यो १४१९ हाय बघा."

१४१९ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. एप्रिलची सुरुवात. मी करकरीत नवा म्हणून पैसे मोजले तेव्हा तो टायर अडीच वर्षांपेक्षा जास्त काळ कुठल्या तरी माळ्यावर पडून होता. मग चारही चाकांशी आम्ही दोघं उकिडवे बसलो. तीन टायर १४१९ चे, एक ३१२० चा. दुकानाचं नाव लिहीत नाही. पक्कं बिल मी मागितलं नव्हतं, साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता, त्यामुळं भांडायला तोंडही नाही. पण ह्या टायरांवर पोरांना घेऊन चार वर्षं घाट चढलो-उतरलो ह्याचा राग अजून गेलेला नाही.

आता शनिवारी सुट्टी काढून चार ठिकाणी भाव विचारले. कंपनी निरनिराळी, पण सगळे साधारण एकाच दर्जाचे टायर.

हायवेकडचं मोठं दुकान, काचेचं, एसी. टायर ४,४५०. "सगळं धरून ना?" म्हटलं तर "हो मॅडम, सगळं धरून." मग खोदून विचारलं तेव्हा व्हॉल्व्हचे ६०, बॅलन्सिंगचे १००, नायट्रोजनचे ५०, हे सगळं एका चाकाचं, आणि अलाइनमेंटचे ५०० वेगळे. वर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) करावाच लागेल, त्याचं "बघून सांगतो."

उद्यमनगरच्या बाजूला एक. ४,०५०. पक्कं बिल पाहिजे असेल तर त्यावर १८ टक्के.

घराजवळ एकाच कंपनीचे टायर ठेवणारं छोटं दुकान. ४,२५०, बसवून, बॅलन्सिंगसकट. अलाइनमेंटचं मशिन नाही.

आणि ऑनलाइन, ३,९८०, घरपोच. बसवून कोण देणार ते आपलं आपण बघायचं.

मोठ्या दुकानातल्या पोरानं शेवटी विचारलं, "साहेब येणार आहेत का बघायला?" मी म्हटलं साहेब घरात मेथी निवडताहेत, भाव मलाच सांगा.

तर प्रश्न असा. ह्यातलं कुठलं घेऊ? की कावळा नाक्यापासून तावडे हॉटेलपर्यंत आणखी दुकानं पालथी घालू? उद्यमनगरवाला म्हणतो मागचे दोन अजून वर्षभर जातील, पुढचे दोनच बदला. खरं आहे का? आणि सगळे जण वेगवेगळा आकडा सांगतात तेव्हा खरा भाव ओळखायचा कसा?

पेठेतला_पैलवान:

लई भारी रस्ता तो, टायर खातोच. माझं ऐका, १८५/७० आर १४ टाका. गाडी रुबाबदार दिसती, खड्डा कळत नाही. आणि उद्यमनगर सोडून कुठं जाऊ नका. बिल घेऊन काय फ्रेम करणार आहे काय? टायर चांगला तर बिल कशाला पाहिजे.

कोथरूडकर:

सर, चारही एकदम बदला. आणि कोल्हापुरात कशाला फिरताय, ऑनलाइन मागवा, दोन दिवसांत येतात.

बालिंगा_पूल:

सर नव्हे, मॅडम. पोस्टमध्ये दोनदा लिहिलंय. "थांबलो", "चढलो" वाचून गोंधळ झाला असेल तर आमच्याकडं बायका असंच बोलतात. माझी आजीपण "मी जेवलो" म्हणायची.

पैलवान, बिल नव्हतं म्हणूनच मी आज इथं प्रश्न विचारतोय.

यंत्रमाग_इचल:

ऑनलाइनचा माझा अनुभव सांगते. मागच्या वर्षी स्विफ्टला मागवले. दारात चार टायर आले, भाव खरंच कमी होता. पण इचलकरंजीत तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला बाहेरचा टायर आम्ही बसवत नाही. दुसऱ्यानं एका चाकाचे ३५० सांगितले. तिसऱ्यानं २५० मध्ये बसवले, पण असं तोंड करून की जणू मी त्याच्या हॉटेलात घरचा डबा उघडलाय. त्याची चूक म्हणत नाही, त्याच्या पोटावर पाय येतो.

खरी गंमत पुढं. टायर रिमवर चढल्यावर त्यानंच दाखवलं, दोन टायर नवे आणि दोन दीड वर्षापूर्वीचे. परत करायचे म्हटलं तर एकदा रिमवर चढलेला टायर घेत नाहीत. तेव्हा मागवलेच तर दारातच प्लॅस्टिक फाडून चारही तारखा बघा, मगच गाडीत घाला. एका बाजूला नुसती अक्षरं असतात, तारखेचे चार आकडे दुसऱ्या बाजूला, म्हणून टायर उलटवून बघायला लागतो.

रिमवाला:

मॅडम, मी सांगलीत टायरच्या दुकानात ११ वर्षं काढली. आधी मशिनवर, नंतर काउंटरला. आता तो धंदा सोडलाय, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

दुकान कुठलं हा प्रश्न नंतर. आधी मला सांगा, जुना डावा पुढचा टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय का? स्टिअरिंग पूर्ण वळवून आतनं हात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे नक्षी शिल्लक असेल तर हवा कमी ठेवत होता. मधेच टक्कल असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, नाहीतर चाक धरून ठेवणारा खालचा आर्म, त्याच्या सांध्यातलं रबरी बुश, स्टिअरिंगचा टाय रॉड ह्यातलं काहीतरी ढिलं आहे. हाताला लाटा लागत असतील तर शॉकअप बघा. हे न बघता नवे टायर घातलेत तर सहा महिन्यांत तेही तसेच झिजतील आणि तुम्ही टायरवाल्याला शिव्या घालाल. आम्ही काउंटरला हे सांगायचो नाही. कारण बुशचं काम मेकॅनिककडं जायचं आणि गिऱ्हाईक तिकडंच टायर विचारायचं.

आता भाव. टायरचा भाव विचारूच नका. "चार टायर, चाकात बसवून, व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, पक्कं बिल, जुने टायर तुम्हाला, शेवटचा आकडा किती?" हे एक वाक्य पाठ करा आणि फोनवरच विचारा. जो आकडा सांगायला टाळाटाळ करतो तो काउंटरवर वाढवणार. छापील किमतीवर २५ टक्के सूट, ३० टक्के सूट, असलं काही ऐकू नका. छापील किमतीला टायर विकल्याचं ११ वर्षांत मला आठवत नाही.

उद्यमनगरच्या भावाचं गणित साधं आहे. टायरचा भाव आम्ही एकमेकांत बोलायचो तो नेहमी कर धरूनच. ४,०५० वर १८ टक्के म्हणजे ४,७७९. मोठ्या काचेच्या दुकानापेक्षा महाग! "बिल पाहिजे तर वर टक्के" म्हणणारा माणूस एक तर कर बुडवतोय, नाहीतर तुम्ही बिल मागू नये म्हणून भीती घालतोय. बिल नसेल तर कंपनीकडं दावा करता येत नाही. टायर कंपनीच्या चुकीनं खराब निघाला तर कंपनीचा माणूस बघून जातो, उरलेली नक्षी मोजतो आणि तेवढ्या प्रमाणात पैसे वळते करतो. त्याला बिल आणि टायरचा नंबर दोन्ही लागतात. मात्र खड्ड्यात आपटून आलेला फुगा साध्या वॉरंटीत बसत नाही. काही कंपन्या ठरावीक मॉडेलवर तेही देतात, पण नोंदणी केली असेल तर. घेतानाच विचारा.

कराचं अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कुणी तुम्हाला त्याच्या आधीचा भाव सांगत असेल तर त्याला १२८ नं भागून ११८ नं गुणा. ४,८०० चा टायर ४,४२५ ला यायला पाहिजे. "हा जुना स्टॉक आहे" हे उत्तर चालत नाही, कर विक्रीच्या दिवसाचा लागतो.

तारीख तुम्हाला आता माहीतच आहे. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. वर्षाच्या आतला असेल तर मी घेतला असता, थोडे पैसे पाडून. त्याच्या पुढं नको. आणि तारीख गोडाऊनमधनं टायर काढल्यावर, मशिनवर चढवायच्या आधी, चारही टायरांची बघायची. काउंटरवर दाखवतात एक आणि आतनं येतात दुसरे. हे आम्हीसुद्धा केलंय, खोटं कशाला सांगू.

कॅम्बरबद्दल. तुमच्या गाडीत नेहमीच्या अलाइनमेंटला फिरवून सेट करतात तो टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते. कॅम्बर कंपनीनं बसवून दिलेला असतो. तो बाहेर गेला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते बदलायचं. जॅक लावून ताणून सरळ करणं म्हणजे हाड न बसवता पाय ओढण्यातला प्रकार. अलाइनमेंट केल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागा.

नायट्रोजन घ्यायचा तर घ्या, वाईट नाही. पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो आणि ती पेट्रोल पंपावर फुकट मिळते.

पैलवान, १८५/७० नं चाकाचा व्यास ६२० चा ६१५ मिलिमीटर होतो, एक टक्कासुद्धा फरक नाही, बसतो. पण रुंद टायर ओढायला पेट्रोल लागतं, आणि मॅडम रोज ७० किमी जातात, लग्नाच्या वरातीत नाही. मॅडम, १६५/८० च ठेवा. त्याच्यापुढं ८५ आकडा असतो, म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन झेपतं. ८५ च्या खालचा घेऊ नका.

कोथरूडकर:

माहिती छान. पण दोन टायर बदलले तर ते पुढंच टाकायचे ना? ओढणारी चाकं पुढची, ब्रेकही पुढंच जास्त लागतो.

रिमवाला:

नाही. दोनच घेतले तरी नवे मागं. सगळी दुकानं पुढं टाकून देतात, कारण गिऱ्हाइकालाही तेच बरोबर वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा पुन्हा रस्ता धरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिथं आपल्यासारख्या माणसाच्या हातात काही राहत नाही. गगनबावड्याच्या पावसात मागं टक्कल पडलेले टायर ठेवून पुढं नवे घालणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं.

मॅडमच्या बाबतीत मात्र दोनचा प्रश्नच नाही. साडेसहा वर्षांचं रबर आहे. नक्षी कायद्यानं १.६ मिमी लागते, मागच्या टायरांना ती असेलही. पण बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडल्यात का बघा. पडल्या असणार.

पेठेतला_पैलवान:

रिमवाला भाऊ, पटलं. मी माझ्या गाडीची तारीख बघून आलो. बोलत नाही आता.

बालिंगा_पूल:

पडल्यात. मागच्या दोन्हीला, केसासारख्या. आणि डावा पुढचा आतनं चाचपला, आतली कड पार गुळगुळीत, हात घसरला. बाहेरनं बघितलं तर नक्षी दिसत होती, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आधी मेकॅनिककडं जातो, मग लिहितो.

बालिंगा_पूल:

नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा. मधे सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

मेकॅनिकनं गाडी वर घेतली, पहार घालून आर्म हलवला. डाव्या बाजूचं बुश फाटलेलं. मला हाक मारून दाखवलं, रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं होतं. दोन्ही बाजूंचं काम करून १,९०० झाले.

त्यानंतर पाठ केलेलं वाक्य घेऊन फोन लावले. मोठ्या दुकानाचा शेवटचा आकडा १९,१४० निघाला, जुन्या टायरांचं म्हणाला "ते आम्ही ठेवून घेतो", म्हणजे फुकट. उद्यमनगरवाल्यानं "समोर या, बोलू" म्हटलं. मी गेलो नाही. आणखी दोन ठिकाणी विचारलं, एकानं आकडा सांगितला पण तारीख फोनवर सांगता येत नाही म्हणाला.

घराजवळच्या छोट्या दुकानातले काका फोनवरच गोडाऊनमध्ये गेले. मला चपलांचा आवाज ऐकू येत होता. म्हणाले, "दोन आहेत ३३२५ चे. दोन जुने आहेत ते तुम्हाला देत नाही, गुरुवारपर्यंत मागवतो." तिथंच माझं ठरलं, खरं तर भावाच्या आधीच. ४,२५० चे ४,१५० केले. चार टायरचे १६,६००, त्यात बसवणं, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग सगळं. जुन्या तीन टायरांचे २०० प्रमाणे ६०० वजा. फुग्याचा टायर त्यांनी घेतला नाही, माझ्यासमोर कटरनं भिंत फाडली आणि म्हणाले, "नाहीतर कोणीतरी बैलगाडीला लावायच्या आधी कारलाच लावेल." १६,००० चं पक्कं बिल, चारही टायरांचे नंबर लिहून.

अलाइनमेंट दुसरीकडं, ४००. कागद मागितला तर त्या पोरानं आधी "प्रिंटर बंद आहे" सांगितलं. मी म्हटलं थांबतो. पाच मिनिटांत प्रिंटर सुरू झाला.

बुश धरून एकूण १८,३००. मोठ्या दुकानात बुश न बदलता १९,१४० गेले असते.

गाडी आता सरळ जाते. मला वाटायचं बालिंग्याच्या पुलावर डावीकडं ओढते ती रस्त्याच्या उतारामुळं.

कळ्याच्या पोराला काल पेढे दिले. त्यानं आधी टायर वाचले, मग पेढा खाल्ला.

यंत्रमाग_इचल:

१८,३०० म्हणजे छानच. काकांचा नंबर मेसेज करा, स्विफ्टचे ते दोन जुने टायर अजून डोक्यात आहेत.

रिमवाला:

भाव बरोबर घेतलात. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, टायरवर लिहिलेला आकडा भरू नका, ती कमाल मर्यादा असते. ८-१० हजार किमीला पुढचे मागं, मागचे पुढं. आणि स्टेपनी बघितली का?

बालिंगा_पूल:

तुम्ही म्हणाला म्हणून आत्ता डिकी उघडली. शाळेचे तक्ते, छत्र्या, आणि त्याखाली स्टेपनी. कंपनीची मूळ, २२१८. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, रबराचे केस अजून तसेच आहेत.

रिमवाला:

केस राहू द्या. हवा किती आहे?

बालिंगा_पूल:

१२.